मुक्ताबाईचं पुरं नाव

म्हातारघरात दोन मुक्ताबाई होत्या आणि त्यावरून कुणाचं कधी काही अडलं नव्हतं. एक करमाळ्याची, दुसरी होटगीची. एकीला करमाळकरीण म्हणायचं, दुसरीला होटगीकरीण, की भागलं. घोटाळा झाला तो एक शिकलेली, शिस्तीची, मनापासून काम करणारी बाई तिथं आली तेव्हा. तिला नावं ठेवायचा इथं हेतू नाही. तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तेच झालं असतं, कारण करमाळकरणीच्या आणि होटगीकरणीच्या तोंडाला कुलूप कुठं लागतं आणि किल्ली कुणाकडं असते, हे पुण्याच्या कुठल्याच शाळेत शिकवत नसत.

सोलापुरात गिरणीच्या मागच्या अंगाला एका शेटजींनी आईच्या स्मरणार्थ ही बैठी इमारत बांधली होती. पुढं लांबलचक पडवी, पडवीपुढं अंगण, अंगणात एक लिंब. ज्यांच्या मागं कुणी उरलं नाही अशी म्हातारी माणसं तिथं राहत, आणि त्यातली बरीचशी गिरणीतच हाडं झिजवलेली होती. दारावरच्या पाटीला मोठं भारदस्त संस्कृत नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळं गाव म्हातारघरच म्हणे.

आपली मुक्ताबाई म्हणजे करमाळ्याची. काळीसावळी, काटकुळी, जिभेनं तिखट. सूत गुंडाळायच्या खात्यात उभी हयात गेली, तेव्हा उगीच बसून राहणं तिला जमत नसे. बसल्या बसल्या कुणाच्या तरी फाटक्या धोतराला टाके घालत असे आणि टाके घालता घालता त्या धोतराच्या मालकाची अक्कल काढत असे. कपाळाला कुंकू मात्र ठसठशीत. त्या घरात कुंकू लावणारी ती एकटीच. तिचा नवरा जर्मनच्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. लढाई संपून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. तो मेल्याचा कागद आला नाही, आणि तोही आला नाही. लोक तिच्या कुंकवाकडं बघायचे आणि गप्प बसायचे. ती त्यांच्याकडं बघायची आणि कुंकू आणखी ठळक लावायची.

होटगीकरीण अगदी उलट. अंगानं भरलेली, स्वभावानं लोणी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि कानानं थोडी जड. नवरा रेल्वेत रुळांवर काम करायचा, तो कधीच देवाघरी गेलेला. दोघींच्या बाजा पडवीत शेजारी शेजारी होत्या आणि दिवसातून चारदा त्यांचं भांडण व्हायचं. त्याशिवाय दोघींना अन्न गोड लागत नसे.

औषधपाणी बघायला आधी गोजरबाई नावाची एक बाई होती. तिच्या राज्यात सगळ्यांना सगळ्या रोगांवर एरंडेल मिळे आणि बरं वाटलं नाही तर पुन्हा एरंडेल. त्यात चूक व्हायला वावच नव्हता. ती मंगळवेढ्याला लेकाकडं राहायला गेली आणि पंचांनी शहाणपण करून खरी शिकलेली नर्सबाई ठेवली. तिचं नाव सावित्रम्मा. घर साखर पेठेत, घरात माग, घरातली बोली तेलुगू. मराठी बोलायची ती शाळेत शिकलेली, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी. पांढरं पातळ, पदराला पिनेनं अडकवलेलं घड्याळ. वय असेल पंचविशीचं, पण चेहरा असा गंभीर ठेवायची की बसप्पासारखा ऐंशीचा म्हाताराही तिला बघून विडी लपवायचा.

ती आली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सगळ्यांना नव्यानं तपासलं. आपल्या मुक्ताबाईचं काळीज थकलेलं निघालं. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढली की धाप. होटगीकरणीचं काळीज खणखणीत, पण गुडघे आणि कंबर वातानं धरलेली. दोघींची औषधं दवाखान्यातून आली. बाटल्या एकाच घाटाच्या, डोस कळावा म्हणून बाजूला खाचा पाडलेली कागदी पट्टी दोन्हींना, आतलं पाणी दोन्हींत कोऱ्या चहाच्या रंगाचं. फरक काय तो वरच्या चिठ्ठीचा. एकीवर लिहिलं होतं मुक्ताबाई रावजी, दुसरीवर मुक्ताबाई जोतीराम.

सावित्रम्माला पुण्याला शिकवलं होतं, आधी नाव, मग औषध. बाटली हातात घेण्याआधी माणसाला नाव विचारायचं, चिठ्ठीशी ताडून बघायचं आणि मगच ओतायचं. नियम सोन्यासारखा होता. ती दोघींच्या बाजांमधल्या जागेत येऊन उभी राहिली.

"नाव?"

"मुक्ताबाई," करमाळकरीण म्हणाली.

"आणि तुमचं?"

"मुक्ताबाईच की," होटगीकरीण म्हणाली.

सावित्रम्माला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "मग पूर्ण नाव सांगा. मालकांच्या नावासकट."

तिनं विचारलं ते आपल्या मुक्ताबाईला. मुक्ताबाईनं पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला आजीनं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, पण ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. होटगीकरणीचा नवरा जाऊनही तिची सवय काही सुटली नव्हती. खानेसुमारीचा माणूस माणसं मोजायला आला तेव्हा दोघींनी यावर तोड काढली होती. हिच्या नवऱ्याचं नाव तिनं सांगायचं आणि तिच्या नवऱ्याचं हिनं. पाप कुणालाच नाही आणि सरकारचंही काम झालं.

तेव्हा मुक्ताबाईनं मान खाली घातल्याबरोबर होटगीकरणीनं नेहमीसारखं तिचं काम केलं. "रावजी," ती म्हणाली.

सावित्रम्माची नजर त्या वेळी चिठ्ठ्यांवर होती. रावजी हे नाव ज्या बाजेवरून आलं तिकडं तिनं बघितलं, रावजीची बाटली उघडली, डोस ओतला आणि पेला होटगीकरणीच्या हातात दिला. मग इकडं वळली. "आणि तुम्ही?"

मुक्ताबाईला वाटलं, आता आपली पाळी, मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव सांगायची. "जोतीराम," ती म्हणाली आणि वाताचं औषध घटाघट पिऊन मोकळी झाली.

असं सकाळी आणि संध्याकाळी, रोज. नियम पाळायचा म्हणजे पाळायचा, म्हणून सावित्रम्मा दर वेळी नव्यानं विचारी आणि दर वेळी तेच उत्तर तिकडूनच येई. तिला अगदी निर्धास्त वाटे. दोघींना अक्षर ओळखता येत नव्हतं, तेव्हा त्या काय बघणार. आणि खरं सांगायचं तर आपल्या मुक्ताबाईला औषधाशी फारसं देणंघेणंच नव्हतं. ती औषधाच्या वेळेची वाट बघायची ती वेगळ्याच कारणासाठी. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तिच्यासमोर मोठ्यानं रावजी म्हणत होतं. जगात दुसरं कुणी ते नाव घेईनासं झालं होतं. सासू-सासरे गेले, दीर गेले, त्याच्याबरोबर उठणारे-बसणारे गेले. आता ते नाव एवढ्याच वेळी ऐकू यायचं. ती पदराआड मान खाली घालून ते ऐकायची, आणि होटगीकरणीनं घाईत म्हटलं तर नंतर तिच्यावर उखडायची.

"नीट म्हनत जा की. नाव हाय त्ये, खोकला न्हाय."

पंधरवडा गेला. मुक्ताबाईच्या पायांची सूज पोटऱ्यांवर चढली. बोट दाबलं की खळगा राहायचा. होटगीकरणीची भूक मेली, खाल्लेलं उलटून पडू लागलं. पण एका सकाळी ती मोठ्या आनंदानं उठून बसली.

"सगळं पिवळं दिसाया लागलंय गं. बाळे गावच्या खंडोबानं भंडारा उधळल्यागत. ह्यो खांब पिवळा, आभाळ पिवळं. तुजं तोंड बी. गोरी दिसतीस आज."

"डोळं गेलं तुजं," मुक्ताबाई म्हणाली. पण म्हणता म्हणता ती जवळ सरकली. होटगीकरणीचे ओठ निळसर दिसत होते आणि पेला धरताना तिचा हात कापत होता.

डॉक्टर आले. त्यांनी होटगीकरणीची नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. पिवळं दिसतंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"हिला कुठलं औषध देताय?"

सावित्रम्मानं बाटली दाखवली. "मुक्ताबाई रावजी. रोज नाव विचारून देते, डॉक्टर."

"आजी, तुमच्या मालकांचं नाव काय?" डॉक्टरांनी होटगीकरणीला विचारलं.

होटगीकरणीनं सवयीनं शेजारच्या बाजेकडं बघितलं. आणि शेजारच्या बाजेवरून मुक्ताबाईनं सांगितलं, "जोतीराम."

डॉक्टरांनी एकदा या बाईकडं बघितलं, एकदा त्या बाईकडं. सावित्रम्मानं बाटली खाली ठेवली. काय झालं ते तिला त्याच क्षणी कळलं, आणि ते कळल्याचं तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसलं की डॉक्टर तिला रागं भरायचे राहून गेले.

"ज्याचं काळीज थकलंय त्याला हे औषध," ते एवढंच म्हणाले. "ज्याचं थकलेलं नाही त्याला विष. चार दिवस आणखी गेले असते तर ही बाई उठली नसती."

होटगीकरीण वाचली. औषध थांबलं तशी उलटी थांबली आणि पिवळा रंग हळूहळू उतरत गेला. शेवटी खांब खांबाच्या रंगाचा दिसायला लागला तेव्हा तिला थोडं वाईटच वाटलं. सावित्रम्मा मात्र त्या दिवशी मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि रडली. मुक्ताबाई सुजलेले पाय ओढत तिच्यामागं गेली आणि धापा टाकत शेजारी टेकली.

"रडू नगा. तुमी इचारलंत, आमी सांगितलं. चूक आमची हाय."

"मी बाटलीकडे पाहत होते, अव्वा. तुमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही." सावित्रम्मानं पदरानं डोळे पुसले. तिच्या घरी आजीला अव्वा म्हणत. "ती गेली असती."

"न्हाय गेली. लई चिवट हाय ती. मला आधी घालवंल, मग जाईल."

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम लागू झाला. ज्याचं औषध त्यानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं. शेजाऱ्यानं मधे बोलायचं नाही. नर्सबाईनं तोंडाकडं बघायचं, मग चिठ्ठीकडं, मग पुन्हा तोंडाकडं. बायांना नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटत असेल तर ती दोन घटका बाजूला ठेवायची. शिवाय तिनं काळजाच्या बाटलीच्या गळ्याला घरच्या मागावरचा लाल दोरा बांधला.

म्हाताऱ्यांना या नियमाची गंमतच वाटली. बसप्पा अक्कलकोटाकडचा. त्यानं स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, गावाचं आणि गावच्या देवाचंही सांगितलं, निम्मं मराठीत आणि निम्मं कानडीत. त्याला थांबवावं लागलं. होटगीकरीण लाजून लाल झाली, पण म्हणाली, "माजा तर गेला बिचारा. आता त्येचं काय कमी व्हायचं हाय?" आणि मग हळूच, नव्या नवरीसारखं, "मुक्ताबाई जोतीराम." एकदा कुलूप निघालं म्हटल्यावर तिला राहवेना. त्या दिवशी दुपारभर जोतीराम कसा हसायचा, जोतीरामला पिठलं कसं लागायचं, जोतीराम कंदील घेऊन रुळांवरून कसा यायचा, हे सगळ्या पडवीला ऐकावं लागलं.

आपल्या मुक्ताबाईच्या तोंडाचं कुलूप मात्र निघालं नाही.

"मुक्ताबाई," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

"पुढे?"

मुक्ताबाईनं भिंतीकडं तोंड केलं. सावित्रम्मानं खूप समजावलं, मग रागावली, मग बाटली उचलून निघून गेली. नाव नाही तर औषध नाही. पण संध्याकाळी दिवे लागायच्या आत तीच परत आली आणि बाजेच्या कडेवर बसली. चेहऱ्यावरचा गंभीरपणा कुठंतरी ठेवून आली होती.

"अव्वा, तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

तो प्रश्न तिनं असा विचारला की मुक्ताबाईला सांगणं भाग पडलं. आजवर तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"त्यो गेला तवा मी ठेसनावर गेल्ते," ती म्हणाली. "लई मानसं. समद्यांची बायकापोरं आल्याली. त्यो डब्यात चढला आन् पल्याडच्या खिडकीत जाऊन बसला. मला वाटलं, एकडाव हिकडं बघंल. गाडी हलाया लागली. म्या हाक मारली, अवो, आयकलं का. तशी सगळ्या डब्यातली मानसं वळून बघाया लागली. समद्यांच्याच बायका अवो म्हनत्यात की. त्यो तेवढा वळला न्हाई. त्येला वाटलं असंल, दुसऱ्या कुनाची तरी." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवा नाव घेतलं न्हाय, त्येचं आयुष्य ऱ्हावं म्हून. आता औषधाच्या दोन घोटांपायी घेऊ व्हय? त्यो कुटं तरी जित्ता असंल, आन् माज्या तोंडानं मरंल."

सावित्रम्मानं त्यावर काही शहाणपण सांगितलं नाही. तिनं बाटली उघडली. "बरं. मीच नाव वाचते. तुम्ही फक्त मान हलवा."

तिनं वाचलं. मुक्ताबाईनं मान हलवली. सूज उतरू लागली, धाप कमी झाली. पण सावित्रम्मा एकदा तिला म्हणालीच, "सगळ्यांना एक नियम आणि तुम्हाला एक. या एका सवलतीची मला भीती वाटते, अव्वा." मुक्ताबाईलाही एक गोष्ट मनातून लागत होती. सावित्रम्मा ते नाव वाचायची चिठ्ठीवरून, अक्षरं जुळवल्यासारखं. होटगीकरीण म्हणायची ते वेगळं होतं, त्यात माणूस होता. आता तिला तोंड उघडायची बंदी होती.

माघात सावित्रम्माच्या भावाचं लग्न निघालं. ती दोन दिवसांची रजा घेऊन घरी गेली आणि तिच्या जागी दवाखान्यातला कंपाउंडर मैनुद्दीन आला. चाळिशीचा, अदबशीर माणूस. म्हातारघरात त्याला सगळे मैनुभाई म्हणत. जाताना सावित्रम्मानं त्याला बजावलं, ज्याचं नाव त्याच्याच तोंडून आल्याशिवाय थेंब द्यायचा नाही. मान हलवणाऱ्या मुक्ताबाईचं सांगायचं मात्र हळदीच्या गडबडीत राहून गेलं. मैनुभाईनंही मान डोलावली. त्याची एकच अडचण होती. परक्या बायामाणसांच्या तोंडाकडं बघायचं नाही हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की आजीच्या वयाच्या बाईशी बोलतानाही त्याची नजर खाली जायची.

सकाळचं ऊन अंगणात छान आलं होतं. मुक्ताबाई लिंबापाशी दगडावर पाय वर करून बसली होती. बसप्पा आणि त्याच्या जोडीचा म्हातारा कोंडीबा कट्ट्यावर ऊन खात होते. होटगीकरीण पडवीत आपल्या बाजेवर. मैनुभाई पडवीच्या कडेला बाटल्या मांडून उभा राहिला.

"मुक्ताबाई?"

"व्हय," दोघी म्हणाल्या.

"पुरं नाव सांगा, आजी." त्याची नजर बाटल्यांवर होती.

मुक्ताबाई गप्प राहिली. तो वाचेल, मग मान हलवू, असं तिच्या मनात. तो वाचेना. ती बोलेना. होटगीकरणीला इकडून अंगणातल्या त्या धूसर काळ्या आकृतीनं मान खाली घातल्यासारखं दिसलं आणि तिचा जीव कळवळला. नवा माणूस, परका पुरुष, ही बिचारी कशी बोलणार. बंदी-बिंदी ती विसरून गेली.

"रावजी," ती मैत्रिणीसाठी म्हणाली.

मैनुभाईनं आवाज ऐकला. पडवीतून आलेला, स्वतःच्या तोंडानं सांगितलेला, नियमाप्रमाणं. त्यानं बाटली उचलली. मुक्ताबाईनं अंगणातून बघितलं. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा होता. औषध पेल्यात पडलं, आणि पेला होटगीकरणीच्या हातात गेला.

मुक्ताबाई उठायला गेली, पण सुजलेले पाय भराभर उचलेनात आणि घाईत मैनुभाईचं नावही तोंडात येईना. "अवो," ती ओरडली. "अवो, आयकलं का."

बसप्पानं वळून बघितलं. कोंडीबानं वळून बघितलं. फाटकातून जाणाऱ्या पाणक्यानंही बघितलं. मैनुभाई तेवढा वळला नाही. त्याला या घरात कुणी अवो म्हणत नसे. कुणीतरी म्हातारी आपल्या म्हाताऱ्याला हाक मारत असेल, असं समजून तो दुसरी बाटली पुसत राहिला. होटगीकरणीच्या जड कानांपर्यंत काही पोचलंच नाही. समोर आलेला पेला आपलाच, एवढं तिला ठाऊक. तिनं तो ओठांशी नेला.

आणि मुक्ताबाईच्या डोळ्यांसमोर स्टेशन आलं. तीच हाक, तसेच वळून बघणारे भलतेच लोक, आणि ज्यानं बघायचं त्याची पाठ.

"रावजी," ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं की तिच्याच छातीत कळ आली. "रावजी माजा हाय. आगं होटगे, ठेव त्यो पेला. रावजी माजा हाय. मी मुक्ताबाई रावजी."

पेला ओठांपासून खाली आला. होटगीकरीण हातातल्या पेल्याकडं बघत राहिली, मग अंगणाकडं. मैनुभाईचा रंग उडाला. त्यानं पेला काढून घेतला आणि पडवीखालच्या मातीत ओतून टाकला. मग दुसरा डोस भरला, अंगणात आला, मुक्ताबाईसमोर उकिडवा बसला आणि पहिल्यांदा नजर वर करून तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"माफ करा, आजी. तुमच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकल्याशिवाय मी आता देणार न्हाई."

तिचे ओठ हलले, पण आवाज जेमतेम निघाला. तरी त्याला कळलं. ती औषध प्यायली आणि पदर तोंडावर घेऊन बसली.

दुपारी होटगीकरीण भिंत धरत, कण्हत, पडवी उतरून तिच्यापाशी आली. तिच्या कमरेला ते अंतर म्हणजे मोठा प्रवास होता. ती शेजारी टेकली.

"म्या मारलं त्येला," मुक्ताबाई पदराआडून म्हणाली.

"कशानं मारलंस? इतकी वर्सं तोंड मिटून बसलीस, तवा आला का त्यो?"

मुक्ताबाईनं पदर काढला. एरवी असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याचे वाभाडे काढले असते. ती नुसती म्हणाली, "ठेसनावर ही हाक मारली असती तर वळला असता गं."

"वळला असता की."

"एकडाव तरी बघितलं असतं माज्याकडं."

होटगीकरणीनं तिचा सुजलेला पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि चेपू लागली. "मग आज मारलीस न्हवं? लई जोरात मारलीस. मला भयरीला आयकू आली. बसऱ्यापतुर गेली असंल."

मुक्ताबाईला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळं तिला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकवाची डबी हातात घेऊन ती जरा घुटमळली. मग रोजच्यासारखंच ठसठशीत लावलं.

संध्याकाळी सावित्रम्मा परतली. हातांवर मेंदी, पदराला अजून अत्तराचा वास. मैनुभाईनं फाटकातच तिला सगळं सांगितलं. औषधाच्या वेळी ती मुक्ताबाईच्या बाजेपाशी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "सांगायचं मी विसरले, अव्वा," ती म्हणाली. "मीच विसरले." तिनं बाटली उचलली, लाल दोरा बघितला आणि नेहमीच्या सवलतीप्रमाणं चिठ्ठी वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नगा," मुक्ताबाई म्हणाली. "इचारा की मला."

सावित्रम्मानं बाटली खाली केली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"मुक्ताबाई रावजी."

शेजारच्या बाजेवर होटगीकरीण दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, मधे बोलायचं नाही म्हणून. सावित्रम्मानं डोस ओतला. मुक्ताबाई तो प्यायली, पदरानं ओठ पुसले, पण पेला काही परत देईना.

"नर्सबाई, आनी एकडाव इचारा की."

"औषध एकदाच असतं, अव्वा."

"औषध नगं. नुसतं इचारा."

सावित्रम्मानं विचारलं.